मऊ इंजिन, भरवशाचे इंजिन

सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याने ज्या इंजिनावर सर्वांत जास्त विश्वास टाकला, ते सर्वांत जास्त हादरणारे इंजिन होते. वीज मळ्यापर्यंत पोहोचण्याआधी कृष्णाकाठी आणि माणदेशातल्या विहिरींवर एका सिलिंडरचे डिझेल इंजिन पाणी उपसत असे. दोन फेऱ्यांमागे एक ठोका आणि उरलेल्या वेळी जड फ्लायव्हीलच्या फिरण्यावर भिस्त, असे ते चाले. काँक्रीटच्या पायात बोल्टने आवळल्याशिवाय ते जागेवर राहत नसे. त्याचा ठोका दोन शिवारे ओलांडून ऐकू जाई. तरीही उसाच्या पाळीला ते चालू होणार की नाही, अशी शंका सहसा कोणाला येत नसे.

हे आधी सांगण्याचे कारण असे, की बस आणि ट्रकच्या इंजिनांबद्दल बोलताना आपण दोन वेगळे गुण एकात मिसळतो. गाडी हादरत नाही, आवाज मऊ आहे, म्हणजे इंजिन चांगले. आणि चांगले म्हणजे रस्त्यात दगा न देणारे. एसटीतला प्रवासी असे मानतो आणि नवा ट्रक घ्यायला निघालेला मालकही बऱ्याचदा तसेच मानतो. माझे म्हणणे असे आहे, की मऊपणा कारखान्यात ठरतो आणि भरवसा रोज नव्याने तयार करावा लागतो, तोही कारखान्यापासून दूर: आगारात, गॅरेजमध्ये, घाटात. पहिला गुण एकदा पैसे मोजून विकत मिळतो. दुसऱ्यासाठी माणसे नेमावी लागतात.

इंजिन या जिल्ह्यांना परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथून नांगर निघाले आणि पुढे पंप. सातारारोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३०च्या दशकात तिथे डिझेल इंजिने बनू लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. इंजिन बनवणारा माणूस प्रांताच्या कारभाराच्या सर्वोच्च खुर्चीत बसला, ही गोष्ट साताऱ्यातच फारशी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते. पुढे तो कारखाना वालचंद समूहाकडे गेला. आज कूपर कॉर्पोरेशन साताऱ्याच्या एमआयडीसीत इंजिने आणि वाहनांच्या इंजिनांचे भाग बनवते, आणि शेजारच्या कोल्हापुरातल्या ओतशाळा व पिस्टनचे कारखाने देशभर माल पाठवतात. इंजिनाचे पोट उघडून आत काय चालले आहे हे ओळखणारे हात इथे चार पिढ्यांपासून आहेत. भरवशाचा प्रश्न शेवटी या हातांशी येऊन थांबतो.

आधी मऊपणाचे पाहू, कारण तो निव्वळ यंत्रशास्त्राचा विषय आहे आणि त्यात मतभेदाला जागा कमी. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. सिलिंडर चार असतील तर दर अर्ध्या फेरीला एक जोर येतो. सहा असतील तर दर एकतृतीयांश फेरीला. जोर जितके जवळजवळ येतील तितका क्रँक एकसारखा फिरतो. पण एवढ्यावर भागत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होत जात असल्यामुळे पिस्टन आपल्या वाटेच्या वरच्या अर्ध्या भागात खालच्या अर्ध्यापेक्षा जास्त वेगाने जातो. म्हणून चार सिलिंडरांत दोन पिस्टन वर आणि दोन खाली जात असले, तरी त्यांची वजाबाकी शून्य येत नाही. क्रँकच्या दुप्पट गतीने एक उभा हादरा शिल्लक राहतो आणि तो चेसीत, तिथून बॉडीत जातो. एका ओळीत सहा सिलिंडर ठेवले की हा हादरा आपसात मिटतो, त्यासाठी वेगळा तोलदंड लागत नाही. जगभरच्या अनेक जड ट्रकांनी, मग ते व्होल्वो असोत की कमिन्सवर चालणारे अमेरिकी ट्रक, ओळीतले सहा सिलिंडर इतकी वर्षे धरून ठेवले, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

आपल्याकडे याचा उत्तम दाखला अशोक लेलँडच्या एच मालिकेत आहे. जपानच्या हिनोकडून आलेल्या या इंजिनाचा बोअर १०४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११३ मिलिमीटर. हाच सिलिंडर चार वेळा मांडला की ३.८ लिटरचे इंजिन होते, सहा वेळा मांडला की सुमारे पावणेसहा लिटरचे. पिस्टन त्याच मापाचा, जळण्याची रीत तीच. तरी उभ्या गाडीत सहाचे इंजिन शांत वाटते आणि चारचे खिडक्यांच्या काचा वाजवते. गाडी स्टँडवर मिनिटाला सहाशे फेऱ्यांवर उभी असेल, तर चार सिलिंडरांचे सेकंदाला वीस ठोके पडतात, सहांचे तीस.

टाटांचे जुने आकडेही असेच बोलके होते. डेमलर-बेंझशी १९५४ मध्ये झालेल्या करारातून जी परंपरा आली, तिच्यातले ६९२ म्हणजे ९२ मिलिमीटर बोअरचे सहा सिलिंडर, ६९७ म्हणजे ९७ चे सहा, आणि १९८६ च्या ४०७ या छोट्या मालट्रकमधले ४९७ म्हणजे ९७ चे चार. ६९७ एसटीच्या चेसीतही होते आणि मालट्रकच्या चेसीतही. बसचे इंजिन वेगळे आणि ट्रकचे वेगळे, असा समज अजून ऐकू येतो. निदान आपल्या साध्या एसटीपुरता तो खरा नव्हता. आपली बस दीर्घकाळ ट्रकच्याच चेसीवर उभी राहिली. इंजिन पुढे, चालकाच्या डाव्या हाताशी, एका पत्र्याच्या झाकणाखाली, मागे पाटे, आणि मागच्या धुरीच्या पलीकडे लांब निघालेली बॉडी.

म्हणून प्रवासी ज्याला इंजिनाचा दोष म्हणतो तो पुष्कळदा इंजिनाचा नसतो. माणसाच्या शरीराला उभ्या दिशेतले सेकंदाला चार ते आठ कंप सर्वांत जास्त त्रास देतात. इंजिनाचे ठोके याच्या कितीतरी वर असतात. पोटात ढवळते आणि मणके दुखतात ते पाटे, टायर आणि खड्डे यांच्यामुळे. मागच्या सीटवर ते जास्त जाणवते, कारण ती सीट धुरीच्या मागे लोंबकळत असते. २००१ मध्ये भारतात आलेल्या व्होल्वो बी७आरने लोकांना चकित केले. त्यात सहा सिलिंडरचे इंजिन होते हे खरे, पण ते मागे होते आणि गाडी हवेच्या फुग्यांवर होती. त्या तुलनेत आपल्या बसचे इंजिन वाईट ठरवणे हा अन्याय होता. वाईट होती ती मांडणी. इंजिनाखालचे रबरी फाउंडेशन दबून कडक झाले असेल, तर सहा सिलिंडरची गाडीही चारसारखी थरथरते, आणि ते बदलणे हे काही तासांचे काम आहे.

आता भरवसा. इथे रस्ता आणि माल यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट घ्या. बारा-तेरा किलोमीटरांत गाडी सुमारे साडेपाचशे मीटर चढते. भरलेली बस पंधरा टनांची धरली, तर नुसती उंची गाठायला साधारण साडेबावीस युनिट ऊर्जा लागते. इंजिन डिझेलमधल्या ऊर्जेचा तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त चाकापर्यंत पोहोचवते, हे लक्षात घेतले तर फक्त चढासाठी सहा लिटरच्या आसपास डिझेल जाते. हे अर्ध्या तासात झाले, तर साठ अश्वशक्ती सलग अर्धा तास केवळ वजन वर उचलण्यात खर्च होते. रस्त्याचे घर्षण आणि वळणावळणावर पुन्हा वेग घेणे वेगळे. शे-सव्वाशे अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाला हा घाट म्हणजे जवळजवळ पूर्ण दमाचे काम होते. आणि डिझेलमधली उरलेली जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा उष्णता होऊन रेडिएटर आणि धुराड्यातून बाहेर पडायलाच हवी. रेडिएटरची जाळी चिखलाने बुजलेली असेल, पट्टा सैल असेल, पाण्याचा पाइप फुगलेला असेल, तर हेड गॅस्केट जाते. लोक म्हणतात, इंजिन गेले. खरे तर काही शे रुपयांचा पाइप गेलेला असतो.

खंबाटकीत, कुंभार्लीत किंवा केळघरच्या वळणांवर बंद पडलेली वाहने पाहिली, तर त्यांत इंजिन आतून निकामी झाल्याची उदाहरणे थोडी दिसतील. जळालेली क्लच प्लेट, ब्रेकची हवा गळणे, डिझेलच्या नळीत हवा धरणे, पंपापर्यंत पोहोचलेले पाणी, टायर. भरवशाची चर्चा इंजिनाच्या नावावर होते आणि गाडी थांबते इंजिनाला लटकलेल्या लहान वस्तूंमुळे. सहा सिलिंडर की चार, या वादाचे महत्त्व इथे फार कमी होते. चारच्या इंजिनात भाग कमी, क्रँक आखूड, पिळवटण्याचा धोका कमी. ४०७ ने द्राक्षांच्या पेट्या आणि दुधाचे कॅन वाहून जे नाव कमावले ते चार सिलिंडरांवरच.

एकच इंजिन तीन कामांना लावून पाहिले की फरक कळतो. तासगावची द्राक्षे घेऊन दूरच्या बाजारपेठेकडे निघालेला ट्रक रात्रभर एका गतीने पळतो. तेल एका तापमानावर, फेरे मधल्या पट्ट्यात, गियर फारसे बदलायचे नाहीत. इंजिनाला यापेक्षा चांगले आयुष्य नाही. तोच ट्रक गळीत हंगामात साखराळे, रेठरे किंवा भुईंजच्या कारखान्याला ऊस वाहू लागला, की सरीतून बाहेर निघतानाच पहिल्या गियरमध्ये कण्हतो. फेरे कमी आणि जोर पूर्ण, म्हणजे बेअरिंगवर सर्वांत जास्त दाब आणि तेलाचा दाब मात्र कमी. पाचटाचा चुरा आणि फुफाटा फिल्टरवर बसतो. बारीक माती आत गेली की लाइनर आणि रिंगा कानसल्यासारख्या झिजतात. मग गाडी तेल खाऊ लागते. मग कारखान्याच्या अड्ड्यावर तासन् तास उभी. किलोमीटर मोजले तर हे इंजिन तरुण दिसते, पण आतून ते म्हातारे झालेले असते. जुना ट्रक घेताना मीटरवरच्या आकड्यापेक्षा तो कोणत्या मालावर होता हे आधी विचारणारा मालक शहाणा, असे मला वाटते.

तिसरे काम एसटीचे. थांब्याथांब्यावर उभे राहणे, पुन्हा उठणे, स्टँडवर चालू ठेवणे, आणि दररोज वेगळा चालक. मालक-चालकाचा कान आपल्या इंजिनाला जोडलेला असतो. टॅपेटचा आवाज बदलला की तो त्याच दिवशी गॅरेजला जातो. एसटीच्या बसला असा एक कान नाही. त्याच्या जागी महामंडळाने व्यवस्था उभी केली: रोजची तपासणी, ठरावीक किलोमीटरनंतरची देखभाल, विभागीय कार्यशाळा, आणि मोठ्या कामांसाठी दापोडीसारखी मध्यवर्ती कार्यशाळा. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली तेव्हापासून या संस्थेने जे कमावले, त्यात मी या व्यवस्थेला बसगाड्यांच्या आधी जागा देईन. चालकाची नोंद, कारागिराची सही, दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाउन झाले याचा हिशेब, दहा लिटरमागे किती किलोमीटर निघाले याचा ‘केपीटीएल’. एका कानाऐवजी पन्नास माणसांची लेखी स्मरणशक्ती असे तिचे स्वरूप आहे. सुट्या भागांसाठी बस आठवडाभर आगारात उभी राहते किंवा निवृत्त कारागिराची जागा भरली जात नाही, तेव्हा ही स्मरणशक्ती तुटते, आणि तोच बिघाड आपण नंतर इंजिनाच्या कंपनीच्या नावावर लिहितो. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या संपात हजारो बस उभ्या राहिल्या. उभी बस झिजत नाही असे वाटते. पण बॅटरी उतरते, टायर एका जागी बसतात, सील सुकतात, टाकीत ओल धरते. न चालणे हाही इंजिनावरचा भारच आहे.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्राच्या गुणाला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण इंग्लंडमधले आहे. मँचेस्टरच्या गार्डनर कंपनीचे ६एलएक्स हे इंजिन साडेदहा लिटरचे असूनही अवघी दीडशे अश्वशक्ती देत असे, तीही मिनिटाला १,७०० फेऱ्यांवर. त्याचा स्ट्रोक सहा इंचांचा. पिस्टनची सरासरी गती सेकंदाला साडेआठ मीटरच्या थोडी वर येते. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिलिमीटर. ते अडीच हजार फेऱ्यांवर चालवले तर ही गती साडेदहाच्या वर जाते. गार्डनरच्या मंडळींनी जाणूनबुजून इंजिनाकडून कमी मागितले, आणि ब्रिटनच्या नगरपालिकांच्या बसमध्ये त्या इंजिनांनी दशकानुदशके काढली. त्यांचा मऊपणा आणि भरवसा एकाच मुळातून आला होता, संथपणातून. आपल्या बाजारात उलटे झाले. त्याच आकारमानाला टर्बो लावून दीडपट शक्ती काढली आणि वर ठरल्यापेक्षा जास्त माल घातला. इंजिनाने ते सोसले, ही त्याची ताकद. पण सोसणे आणि टिकणे यांत अंतर आहे.

आजचा प्रश्न मात्र वेगळ्या जागी येऊन उभा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. कॉमन रेल पंप, संगणकाने ठरवलेला डिझेलचा फवारा, धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर आणि नायट्रोजनची विषारी संयुगे मोडण्यासाठी युरियाचे द्रावण. ही इंजिने मऊ आहेत यात शंका नाही. एका ठोक्यासाठी डिझेल दोन-तीन हप्त्यांत फवारले जात असल्याने जुन्या डिझेलची खडखड कमी झाली. स्टँडवर उभ्या बसच्या मागे तोंडाला पदर लावून उभे राहण्याची वेळ येत नाही, हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा लाभ आहे आणि जुन्या धुराच्या इंजिनांची आठवण काढून हळहळणाऱ्यांच्या बाजूने मी नाही. महामंडळाने २०२४ मध्ये अशोक लेलँडकडे मागणी नोंदवलेल्या २,१०४ वायकिंग बसमध्ये एच मालिकेचेच १९७ अश्वशक्तीचे बीएस-६ इंजिन आहे. घाटात पूर्वी दम टाकणाऱ्या बसच्या तुलनेत ही शक्ती दिलासा देणारी आहे.

पण बिघाडाची रीत बदलली. जुने इंजिन हळूहळू बिघडत असे. धूर काळा झाला, ओढ कमी झाली, आवाज फुटला. तरी ते कण्हत पुढच्या गावापर्यंत जाई, आणि तिथला फिटर नोझल काढून, साफ करून गाडी वाटेला लावी. नवे इंजिन बराच काळ काहीच तक्रार करत नाही. मग एखादा सेन्सर चुकीचे सांगतो आणि संगणक शक्तीच कापून टाकतो. बिघाड लहान असतो, पण तो वाचायला स्कॅनर लागतो, आणि स्कॅनर असला तरी कंपनीच्या प्रणालीत शिरायची परवानगी लागते. जतच्या पलीकडे किंवा पाटण खोऱ्यात ही परवानगी असलेला माणूस किती लांब आहे, यावर त्या बसचा भरवसा ठरतो. म्हणून इंजिनाचा भरवसा मोजताना दोन आकडे हवेत: ते किती किलोमीटरांनी बंद पडते, आणि बंद पडल्यावर मदत किती किलोमीटरांवर आहे. पहिला आकडा कंपनी सांगते. दुसरा कोणी मोजत नाही. पुण्याजवळच्या महामार्गावर आणि आटपाडीच्या रस्त्यावर तो एकसारखा असणार नाही, आणि गाडी विकत घेताना तरी तो विचारला गेला पाहिजे.

याचा उपाय जुन्याकडे परतणे हा नाही. सातारा-सांगलीच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलाच्या हाती पाना येतो तसा स्कॅनरही आला पाहिजे. महामंडळ आणि मोठे वाहतूकदार हजारो गाड्या एकदम घेतात. त्यांच्या करारात दुरुस्तीची पुस्तिका, बिघाडांच्या सांकेतिक क्रमांकांचा अर्थ आणि आगारातल्या कारागिराचे प्रशिक्षण या अटी किमतीइतक्याच ठळक असायला हव्यात. चार पिढ्या इंजिन ओळखणारे हात असलेल्या भागात गाडी ओढून दुसऱ्या शहरात न्यावी लागणे, हा कौशल्याचा नव्हे तर कुलपाचा प्रश्न आहे, आणि कुलपाची किल्ली खरेदी करणाऱ्याला मागता येते.

आणि मऊपणाही मागितला पाहिजे. एसटीबद्दलच्या प्रेमातून आपण एक चुकीची सवय लावून घेतली आहे: लालपरी खडखडते पण पोहोचवते, एवढ्यावर समाधान. भरवसा आहे म्हणून हादरे सोसा, असा सौदा प्रवाशावर लादण्याचे कारण नाही. चालकावर तर मुळीच नाही. प्रवासी दोन तासांत उतरतो. चालक इंजिनाच्या झाकणाशेजारी, त्याची धग डाव्या पायावर घेत, वर्षानुवर्षे बसतो. त्याची पाठ, त्याचा कान, उन्हाळ्यातल्या दुपारी विट्याच्या पुढे त्याची एकाग्रता, हे सगळे त्या गाडीच्या सुरक्षिततेचा भाग आहेत. हादरलेला, तापलेला माणूस घाटात चुकीचा निर्णय घेऊ शकतो, आणि मग सहा सिलिंडरांचा तोल उपयोगी पडत नाही. इंजिनाच्या झाकणाला चांगले अस्तर, वेळेवर बदललेले रबरी फाउंडेशन, चालकासाठी हवेवर तोललेली सीट, मागच्या धुरीला बरे स्प्रिंग: यांतली एकही गोष्ट आज अवघड किंवा नवी नाही.

१ जून २०२२ पासून एसटीची विजेवरची शिवाई बस रस्त्यावर आहे, आणि तिच्यात ठोक्यांचा प्रश्नच उरत नाही. मोटारीला पिस्टन नाही, म्हणून शिल्लक राहणारा हादराही नाही. मऊपणाची स्पर्धा तिथे संपली. राहिलेले सगळे प्रश्न भरवशाचे आहेत: पसरणीसारखा चढ दिवसातून अनेकदा चढताना बॅटरी किती तापते, उतारावर किती ऊर्जा परत मिळते, चार्जर बंद पडला तर पुढचा कुठे, आणि मेढ्याच्या किंवा शिराळ्याच्या आगारातल्या कारागिराला ती उघडण्याचा अधिकार आणि शिक्षण मिळणार की गाडी भाड्याने पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येईपर्यंत ती उभी राहणार. ही उत्तरे निविदा लिहितानाच कागदावर यायला हवीत, कारण गाड्या एकदा आगारात लागल्या की पुढची दहा-बारा वर्षे त्याच असतात.